पाण्याखालचा बांध

१० नोव्हेंबर, रविवार

सोसायटीने जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी आज पहिल्यांदा उघडली. पहिल्या पानावर नाव आणि रक्तगट लिहायचा असतो. नाव सर्जेराव, मूळ राहणार कोल्हापूर, शिवाजी पेठ, सध्या मुक्काम सासुरवाडी. रक्तगट आठवत नाही.

सासूबाई गेल्यावर मामा एकटे पडले, पूर्णिमा त्यांची एकुलती एक, म्हणून इथे शिरोळ तालुक्यात राहायला आलो. मामा म्हणजे माझे सासरे, केरबा. इथे येऊन आता एकोणीस वर्षं झाली, तरी अख्खं गाव मला पावणंच म्हणतं. मामासुद्धा. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, मी तर घरातच येऊन बसलेला. जयसिंगपूरच्या एका शाळेत पोरांना फुटबॉल शिकवायचो. जूनमध्ये शाळेने फुटबॉल बंद करून यंत्रमानव बनवायचा वर्ग काढला, तेव्हापासून घरी आहे. पेठेत मी गोलकीपर होतो. तासभर उभं राहायची सवय आहे, पण नुसतं बसणं जमत नाही.

आज प्रसेनजीत आला. तो जयसिंगपूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, त्याचा पोरगा माझ्याकडे खेळायचा. त्याला आमचं बुडालेलं रान बघायचं होतं. उसाला पाणी पाजून पाजून तालुक्यातली खालची रानं गेली. आधी मीठ फुटलं, मग पाणी साचलं, आता पाणकणीस माणसाच्या डोक्यावर गेलंय. मामांचं सगळं रान त्यात आहे. मला विचाराल तर ते डासांचं माहेर. पण प्रसेनजीतने पाटाच्या भरावावर उभं राहून दुर्बीण डोळ्यांना लावली ती खाली घेईना. जांभळ्या पाणकोंबड्या, शेकाटे, हळदीकुंकू बदकं, असं नावं घेत सुटला. मग म्हणाला, "सर्जेराव, हितं चालायची वाट करा. माणसं येतील."

"चिखलात?"

"चिखलातच. डांबरावर चालायचं असंल तर कोल्हापूर काय कमी हाय?"

संध्याकाळी पूर्णिमाला सांगितलं. ती दूध संस्थेची सचिव आहे, उगाच हसत नाही. म्हणाली, "इचलकरंजीचा माणूस रान मागतोय, माशांची तळी खणायला. त्याला संक्रांतीला उत्तर द्यायचंय. तोवर तुमची वाट होऊ दे, त्यावर माणसं चालू देत. न्हाय झाली तर त्याचं मशीन येणार, आणि तुम्ही माझ्या मावसभावाच्या सूतगिरणीत गेटवर बसणार. कबूल?"

मी कबूल म्हटलं. आयुष्यभर गोलापुढे उभा राहिलो, आता गेटापुढे बसायची माझी इच्छा नाही.

१४ नोव्हेंबर

वाट ठरवायला उतरलो. पाटाच्या भरावावरून सुरू करायची. हा उपसा योजनेचा पाट, नदीचं पाणी वरच्या उसाला नेतो, भराव चांगला रुंद आहे. मोडक्या पंपघरापाशी खाली उतरायचं, पाणकणसातून आमच्या रानाच्या कडेने मधल्या उंचवट्यावर जायचं. तिथे मामांचा जुना गोठा अजून उभा आहे. तिथून निचऱ्याच्या चराच्या काठाने फिरून परत पाटावर. भराव आणि चराचा काठ आयते आहेत. मेख मधल्या रानातली.

तिथे कमरेपर्यंत गेलो आणि डावा बूट गाळात राहिला. मामा पाटावर उकिडवे बसून बघत होते.

"गावलं का काय, पावणं?"

"बूट गेला, मामा."

"जाऊ द्या. माझा आख्खा ऊस गेला तितं."

२० नोव्हेंबर

आज मतदान. मामांना घेऊन शाळेत गेलो. रांगेत पुढे शालूकाकू उभ्या होत्या, तर मामा ऊन लागतंय म्हणून झाडाखाली जाऊन बसले आणि त्या मत देऊन गेल्यावरच उठले. ऊन काही लागत नव्हतं.

शालूकाकू आमच्या भावकीतल्या. त्यांचं रान आमच्या रानाला लागून. त्यांचे यजमान ज्ञानू आणि मामा यांच्यात बांधावरून जुंपली ती चौदा वर्षं झाली. दोन रानांमधला मातीचा वरंबा म्हणजे बांध. नांगरट करताना तो दरवर्षी चार बोटं पलीकडच्या अंगाने कोरायचा आणि आपलं रान वाढवायचं, हा इथला खेळ. ज्ञानूने कोरला असं मामा म्हणतात, मामांनी कोरला असं ज्ञानू म्हणायचा. मग पाणी आलं आणि दोन्ही रानं बुडाली. मोजणीदार आला तो कंबरभर पाणी बघून पाटावरूनच माघारी गेला. ज्ञानू करोनात वारला, मामा मातीला गेले नाहीत.

पाण्याखाली गेलेल्या बांधावरून भांडणारी माणसं मी पेठेतही बघितली नाहीत, आणि पेठेत मी बरंच बघितलंय.

२७ नोव्हेंबर

काम सुरू करून चार दिवस झाले. उसाच्या पाचटाचे भारे गाळात दाबायचे, त्यावर खताच्या रिकाम्या पोत्यांत मुरूम भरून टाकायचा, वर माती. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी रुंदी धरली आहे. आज टाकलेलं पोतं उद्या दिसत नाही. गाळ खातच सुटलाय.

पाटावरून जाणारा प्रत्येक जण थांबून विचारतो. "पावणं, मासं धरताय का धरण बांधताय?" मी म्हणतो, वाट करतोय. "कुटं जाती?" मी म्हणतो, फिरून हितंच येती. मग ते हसत हसत जातात. त्यांची चूक नाही. फिरून तिथेच येणाऱ्या वाटेला कष्ट करणारा माणूस मलाही शहाणा वाटला नसता.

रात्री पाठ धरली. पूर्णिमाने तेल चोळलं, वर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

४ डिसेंबर

आज कमाल झाली. मामा काठी घेऊन स्वतः खाली आले. धोतराचा सोगा वर खोचला आणि गुडघाभर पाण्यात उतरले. माझी पोती कुठे गडप होतात ते थोडा वेळ बघितलं. मग वीस-पंचवीस पावलं पलीकडे जाऊन काठी रोवली.

"तितं जन्म घालवलासा तरी तळ लागायचा न्हाय. हितनं घ्या, पावणं. हितं तळ घट्ट हाय."

मी काठी खुपसून बघितली. खरंच घट्ट. एक पोतं टाकलं, ते बसलं आणि दिसत राहिलं. मामा दुपारपर्यंत उभे होते. काठीने दाखवत होते, हितं, आता हितं, जरा पल्याड सरका. जेवायलाही गेले नाहीत. पूर्णिमा भाकरी घेऊन आली आणि वडिलांना पाण्यात उभं बघून पाटावरच थबकली. मला वाटलं तिला आनंद झाला असेल. पण ती बराच वेळ नुसती मामांच्या काठीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आबा, वर या. पाय गारठतील."

एकोणीस वर्षांत मामांनी माझ्या कुठल्या कामाला हात लावला नव्हता. आज फार बरं वाटतंय.

११ डिसेंबर

मधला तुकडा जवळजवळ झाला. मामा रोज येतात. काल मला स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. आज पारावर त्यांनी दोघा-तिघांना सांगितलं म्हणे, माझ्या जावयाने वाट बांधली, जाऊन बघा. गावही येऊन बघून जातंय. आधी हसणारे आता हसत नाहीत, वाटेकडे बघतात, मग पलीकडच्या पाण्याकडे बघतात आणि "ब्येस की" म्हणून निघून जातात. माणसाने नेट लावला की लोकांची तोंडं बंद होतात, हे खोटं नाही.

प्रसेनजीत येऊन चालून गेला. खूश आहे. कोल्हापुरातला भटकणाऱ्या लोकांचा एक गट बारा जानेवारीच्या रविवारी आणायचं त्याने पक्कं केलं. जाताना विचारलं, "मधला भाग कुणाच्या रानातनं जातो?"

"आमच्याच."

"बघा हं. नक्की?"

"मामांनी स्वतः दाखवलंय."

तो मान हलवून गेला. शिकलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीचा दाखला लागतो.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी गेलो तर वाटेच्या मधोमध म्हैस. चांगली धष्टपुष्ट, मेख ठोकून बांधलेली, पुढे वैरण टाकलेली. पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर शालूकाकू, मांडीवर सूप घेऊन लसूण सोलत बसलेल्या. आणि माझ्या वाटेवर शेण.

"काकू, म्हैस इथे का बांधली?"

"माझ्या रानात म्हस कुटं बांधायची ते इचारून बांधू व्हय?"

"ही वाट आहे, काकू."

"हाय की. चांगली केलीसा. कुणाच्या रानात केलीसा?"

"मामांच्या."

त्या हसल्या नाहीत. सूप खाली ठेवलं. "पावणं, हितं तळ घट्ट लागला न्हवं?"

"लागला."

"का लागला?"

मी हे स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

"उतरा पाण्यात. पायानं चाचपा. बसवल्याली दगडं लागतील. गोल गोल जावा. मधोमध भोक हाय तिवड्याचं. घावलं की मला सांगा."

तिवडा म्हणजे मळणीचा खांब, ज्याच्याभोवती बैल फिरवतात. मी पँट वर करून वाटेच्या बाजूला उतरलो. पायाखाली दगड, त्याला लागून दुसरा, तिसरा. चाचपत आत आत सरकलो तर उजवा पाय घोट्यापर्यंत एका गोल भोकात गेला. तसाच उभा राहिलो. म्हैस माझ्याकडे बघत रवंथ करत होती.

"घावलं?"

"गावलं, काकू."

"ते आमचं खळं. माज्या सासऱ्यानं दगडं बसवल्याली. त्येच्यावर तुमी पोती टाकलीसा."

मी म्हटलं, मामांच्या लक्षात नसेल, इतकी वर्षं पाण्याखाली आहे.

"केरबा भावजींच्या?" त्या म्हणाल्या. "तुमी लई भोळं हायसा, पावणं."

१६ डिसेंबर

रात्री जेवताना विचारलं. "मामा, तिथे ज्ञानूकाकांचं खळं आहे."

"असंल."

"तुम्हाला माहीत होतं?"

भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून त्यांनी तो सावकाश खाल्ला. "ज्ञानूच्या बापानं खळं घातलं तेच मुळात माज्या रानात. बांध खळ्याच्या पल्याड व्हता. मला ठावं हाय की. आता पोती पडली, वाट झाली, गावानं बघितली. उद्या समदी म्हणतील, वाट हाय तितं बांध हाय."

हे सांगताना ते खुशीत होते. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला माझं काम पटलं. त्याला माझी पोती पटली होती. स्वतःला नांगर धरवत नाही म्हणून मला जुंपला आणि चौदा वर्षांची नांगरट दोन आठवड्यांत करून घेतली. काठीने हितं, आता हितं, जरा पल्याड. आणि मी मान डोलवत सरकत होतो. गाव येऊन बघत होतं ते माझी वाट बघत नव्हतं, म्हाताऱ्याचा बांध बघत होतं. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

पूर्णिमाला विचारलं, तुला कळलं होतं ना. म्हणाली, "काठी बघून शंका आलती. पण तुम्ही किती खूश होता. मला सांगवेना."

परसात जाऊन रडलो. इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे सांगणार.

१७ डिसेंबर

शालूकाकूंकडे गेलो. सरळ मागितली, वाट द्या.

"तुमास्नी आत्ता दीन," म्हणाल्या. "पर तुमास्नी दिली तर गाव म्हणंल केरबानं घेतली. भावजींनी माज्या दारात यावं. शालू, वाट देतीस का, एवढं म्हणावं. चहा पाजून देती."

मामांना सांगितलं. म्हणाले, "त्यापरीस रान तळीवाल्याला दीन."

१९ डिसेंबर

दोन दिवस काही केलं नाही. सूतगिरणीचं गेट डोळ्यांपुढे आलं. खाकी कपडे, शिट्टी, येणाऱ्या ट्रकचा नंबर. जमेल, असं वाटूनसुद्धा गेलं. मग राग आला. म्हाताऱ्याचा नाही, माझाच. सामन्यात गोल खाल्ला की गोलकीपरने आधी जाळ्यातला चेंडू काढायचा असतो, मग कुणाला काय बोलायचं ते बोलायचं.

पूर्णिमाला म्हटलं, "वाट उचलतो."

"सगळी?"

"खळ्यावरची सगळी. आपल्या रानात घेतो."

"आपल्या रानाला तळ न्हाय."

"घालायचा."

ती म्हणाली, "आबा तुमच्याशी बोलायचे न्हाईत."

"तसे कुठे बोलतात? पावणं म्हणतात."

ती हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, उद्यापासून दूध घालून झालं की मीही येते.

२१ डिसेंबर

भिजलेलं पोतं कोरड्याच्या दुप्पट जड असतं. टाकताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आज पहिलं पोतं उचललं तेव्हा मामा गोठ्यापाशी उंचवट्यावर बसले होते. दुसरं उचलल्यावर त्यांनी पाठ फिरवली. दिवसभर पाठच केली होती. पण घरी गेले नाहीत.

२४ डिसेंबर

पाठ गेली. पूर्णिमा माझ्यापेक्षा जास्त पोती ओढते. लिहवत नाही.

२८ डिसेंबर

प्रसेनजीत नाताळच्या सुट्टीत रोज येतो, गमबूट घालून. मी त्याला सगळं सांगितलं. "मी विचारलं होतं," असं तो एकदाही म्हणाला नाही. माझ्याकडे अशी संधी असती तर मी सोडली नसती. त्याने डोकं लढवून बाभळीची खोडं आणवली. ती आडवी टाकून वर पाचट, मग पोती. आता गाळ खातो, पण गिळत नाही.

मामा जेवायला आमच्यात बसत नाहीत. ताट उंबऱ्यावर घेऊन बसतात. आज त्यांनी पूर्णिमाला विचारलं, मला ऐकू येईल अशा बेताने, "त्या माणसाला सांग, बापजाद्याचं रान दान करायला त्येला कुणी सांगितलं?" पूर्णिमा म्हणाली, "दान न्हाय, आबा. परत देतोय." त्यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली.

मला त्यांची कीव आली, हेही खरं. पण पोती उचलायची थांबलो नाही.

३१ डिसेंबर

डायरीचं शेवटचं पान. खळं मोकळं होत आलं. हातांची कातडी सोलवटली आहे. वाट अजून अर्धीच आपल्या रानात आली आणि बारा तारीख पुढ्यात. होईल. झालीच पाहिजे.

५ जानेवारी, रविवार

(मागे टिपणांसाठी कोरी पानं आहेत, त्यावर लिहितोय.)

एका कोपऱ्यात अडलो. खळ्याची कड वाटेखाली राहते. वाट आत घ्यावी तर त्या जागी तळच नाही, खोड टाकलं तेही उभंच्या उभं खाली गेलं. शालूकाकूंना विचारायला गेलो. त्या आल्या, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाल्या, "तेवढं ऱ्हाऊ दे." पण ते म्हशीकडे बघत म्हणाल्या. माझ्या मनाला लागून राहिलं.

म्हैस मात्र घरी नेली.

१२ जानेवारी, रविवार

चालले. माणसं चालली.

सकाळी दोन गाड्या भरून आली. डॉक्टर, बँकेतली माणसं, एक आजीबाई पांढऱ्या बुटात. प्रसेनजीतने आधी पाटावर उभं करून पाखरं दाखवली. मग मी पुढे झालो. पहिला माणूस पोत्यांवर चढला, दुसरा चढला, वाट जरा दबली आणि तशीच राहिली. दोन्हीकडे पाणकणीस, मध्ये आम्ही. एक जांभळी पाणकोंबडी वाटेवरून ऐटीत आडवी गेली, आणि आजीबाई मला हळूच म्हणाल्या, "अहो, हिची शेपटी बघा." मी हे रान एकोणीस वर्षं बघतोय. तिची शेपटी पांढरी असते हे आज बघितलं.

खळ्याच्या कोपऱ्यावर शालूकाकू उभ्या होत्या, नवं लुगडं नेसून. मी बोलावलं नव्हतं. लोक थांबले तशा त्या सांगायला लागल्या. इथे पाण्याखाली आमचं खळं हाय. इथे रात्र रात्र मळणी चालायची, बैलांच्या पाठीवर झुली टाकायचो. "आणि एका साली," हात उंचवट्याकडे करून म्हणाल्या, "त्या केरबा भावजींचं खळं पावसानं खचलं, तवा त्यांची ज्वारी आमच्याच खळ्यावर मळली. माज्या मालकानं सवता बैलं धरली."

उंचवट्यावर मामा बसले होते, पाठ आमच्याकडे. तिथूनच, न वळता, मोठ्यांदा म्हणाले, "ज्वारी न्हवं. खपली व्हती."

सगळे वर बघायला लागले. शालूकाकूही.

"ज्वारीच," त्या म्हणाल्या.

"खपली. आठ पोती झालती. ज्ञानूनं पोती शिवली, मी सुतळी धरलीती."

आता ते वळले होते. शालूकाकूंनी पदर सारखा केला. "असंल," म्हणाल्या. "खपली असंल."

लोक हसले, एकाने टाळीही वाजवली. मला मात्र भारी राग आला. महिनाभर तोंड शिवून बसले आणि बोलले ते नेमकं पाहुण्यांसमोर, तेही खपली गव्हावरून. पण प्रसेनजीत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चला पुढं. त्यांचं त्यांना बोलू द्या." पण ते पुढे बोललेच नाहीत. आम्ही चरावरून फिरून आलो तरी दोघं आपापल्या जागी होते.

परतताना पांढऱ्या बुटांच्या आजीबाईंचे बूट काळे झाले होते. पुढच्या रविवारी त्या सुनेला घेऊन येणार आहेत.

१३ जानेवारी, भोगी

पूर्णिमाने तळीवाल्याला फोन केला. माझ्यासमोर, मुद्दाम. "रान द्यायचं न्हाय. रानातनं वाट हाय," एवढंच बोलली आणि ठेवला. मग बाजरीच्या भाकरीवर लोणी घालून दिलं. जिंकल्याचा आनंद झाला, तो लिहायला लाज वाटायचं कारण नाही.

मामांना तिने सांगितलं. त्यांनी मान हलवली. विचारलं, "त्या बाया परत येणार हाईत?" रविवारी, ती म्हणाली. "आणि ती येणार हाय, शालू?" पूर्णिमा म्हणाली, मला काय ठावं.

१५ जानेवारी

काल संक्रांत म्हणून आम्ही दोघं पेठेत आईकडे जाऊन राहिलो. मामा येतो म्हणाले नाहीत, मीही आग्रह केला नाही. आज सकाळी परत आलो आणि वाट बघायला थेट रानात गेलो.

खळ्याच्या कोपऱ्यावर वाट मोडलेली. नीट सरळ जाणारी वाट तिथे आत वळली होती, आमच्या रानात. बाहेरची माती कोरून आत ओढलेली, पोती फरपटत नेलेली. रुंदीही राहिली नव्हती, जेमतेम एक माणूस जाईल एवढी. आणि जिथे खोडसुद्धा तगलं नव्हतं त्या जागी पाचटाखालून लाकूड दिसत होतं. गोठ्याची दोन्ही दारं. काढून, आडवी टाकून, त्यावर माती थापलेली. माती अजून ओली होती आणि तिच्यावर अनवाणी पायांचे ठसे होते.

माझं डोकं फिरलं. वाटलं, म्हाताऱ्याने डाव साधला. आम्ही नाही बघून एवढ्या मेहनतीची वाट विस्कटली. चार दिवसांवर रविवार आलाय. पंपघरापाशी ठेवलेलं फावडं घेऊन आलो. ही माती परत बाहेर ओढायची आणि कोपरा होता तसा सरळ करायचा, संध्याकाळपर्यंत झाला असता.

पूर्णिमा साडी खोचून पाण्यात उतरली होती. खळ्याच्या कडेचे दगड पायाने चाचपत ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. "मोकळी झाली सगळी कड," म्हणाली.

मी फावडं मारणार तोच तिने माझा दंड धरला.

"ऱ्हाऊ द्या."

"वाट वाकडी केली त्यांनी."

"आबांनी जन्मभर बांध पलीकडच्या अंगानं कोरला," ती म्हणाली. "काल पहिल्यांदा आपल्या अंगानं कोरलाय."

मी फावडं खाली ठेवलं. रविवारी लोकांना त्या वळणावर एकामागे एक चालावं लागेल.